काळी चार

पप्पा,

दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली सकाळ आहे. आई स्टोव्हसमोर पाटावर बसून चहाचं आधण ठेवते आहे आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात, अंगात बनियन, खाली शेडची खाकी पँट, हातात ट्रम्पेट आणि ट्रम्पेटच्या तोंडात माझा शाळेचा पांढरा मोजा कोंबलेला. आपल्या लाइनीत कोणी ना कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपलेलं असायचंच, म्हणून तो मोजा. तुम्ही आईला म्हणता, चहा नंतर, आधी वरची ओळ म्हण. आई म्हणते, अहो, तोंड तरी धुऊ द्या. पण तोंड धुतलं, चहा पोटात गेला की गळा लाडात येतो, असं तुमचं म्हणणं. बसल्या जागी, उपाशीपोटी, सकाळच्या जड आवाजात जी वरची ओळ निघेल ती खरी, आणि तिच्यावरून पट्टी धरायची. आई कुरकुरत ती ओळ म्हणायची. तुम्ही मोज्यातून दबका सूर लावून बघायचात, अर्धा सूर खाली, पुन्हा अर्धा वर, पुन्हा खाली, आणि एका ठिकाणी मान हलवायचात. तोवर आधण उतू गेलेलं असायचं. मोजा ओला झालेला असायचा, आणि मी तोच पायात घालून कॉन्व्हेंटला जायचे.

हे मी शिरूरला माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा मी आता मोठी झाले आहे. हल्ली स्वप्नात तुम्ही येता ते मला धाकटे वाटता, तुमच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तर लावून द्यावंसं वाटतं. परवाच्या रविवारी दौंडला आईचं गाणं झालं. ते कसं झालं हे तुम्हाला सांगायचं आहे, कारण त्यातलं खरं काय ते कळेल असं माणूस आता दुसरं उरलेलं नाही. दादा आहे, पण दादाला सांगून ते त्याच्याजवळ राहणार नाही.

आईचं गाणं म्हणजे ते जुनं अमेरिकन गाणं. एका अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांच्या ग्रामोफोनवरून तुम्ही ते कानानं उतरवून घेतलं होतंत, तबकडी पुन्हा पुन्हा लावायला सांगून त्यांच्या मडमेला वात आणला होतात. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाताळच्या डान्सला आई ते गायची. तुम्ही लोको शेडमधले फिटर, ती केडगावच्या मिशनमध्ये वाढलेली, आणि बाकीचा बँड गोव्याचा नाहीतर अँग्लो-इंडियन. आई निळी शिफॉनची साडी नेसून, पदर घट्ट खोचून, हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखी उभी राहायची; आणि गाणं सुरू झालं की नाचणारी माणसं पाय हलवता हलवता तिच्याकडे बघायला लागायची. ती श्वास घ्यायला थांबली की तेवढ्या जागेत तुम्ही ट्रम्पेटवर दोन-चार सूर टाकायचात, कोणी काही बोललं की घरातल्या माणसानं 'हं' म्हणावं तसे.

त्या गाण्याचे पहिले दोन भाग सरळ चालतात, बोलल्यासारखे. मग मधला भाग येतो आणि गाणं एकदम जिना चढून वर जातं. एकच लांबलचक ओळ, मध्ये श्वासाला जागा नाही. नंतर शेवटचा भाग पुन्हा खाली उतरतो. अडचण सगळी त्या मधल्या भागाची, आणि पट्टी निवडायची ती त्याच्याचसाठी. आईसाठी तुम्ही ए-फ्लॅट धरलीत. इथे शिरूरच्या भजनी मंडळात तिला काळी चार म्हणतात आणि इतकी वर्षं इथे काढल्यावर मीही तसंच म्हणते. बँडमधल्या लोकांनी तुम्हाला सांगून पाहिलं होतं, जरा खाली घे, सगळ्यांच्या बोटांना बरं पडेल. तुम्ही म्हणालात, बोटांना काय धाड भरलीय, गाणार ती आहे. तुमचं सगळं शास्त्र तेवढंच होतं. गाणारीचा गळा आधी, वाजवणाऱ्याची बोटं मागून.

त्या गळ्यावरून तुम्ही मला एकदाच रागावलात. शाळेच्या गॅदरिंगला मी मुद्दाम चढी पट्टी मागून घेतली होती, वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीला ती झेपत नव्हती, तिला मागे टाकायचं म्हणून. गाणं पार पडलं, टाळ्या पडल्या. घरी येताना पुलावर सायकल थांबवून तुम्ही एवढंच म्हणालात, "तू गाण्यासाठी पट्टी घेतली नाहीस. तिच्यासाठी घेतलीस." पुढे घरापर्यंत मी कॅरिअरवर बसून तुमच्या पाठीकडे बघत आले.

नोव्हेंबरमध्ये वहिनींचा फोन आला. दादाच्या आणि त्यांच्या लग्नाला या वर्षी पन्नास वर्षं होत होती. त्यांच्या रिसेप्शनला आईनं हेच गाणं म्हटलं होतं, आठवतं ना? शेडच्या धुरानं तोवर तुमची छाती गेली होती, ट्रम्पेट पेटीत गेलं होतं, आणि तुमच्या जागी नवरदेवच सॅक्सोफोन घेऊन आईच्या मागे उभा राहिला होता, गळ्यातला हार तसाच ठेवून. हाराच्या झेंडूच्या पाकळ्या सॅक्समध्ये पडत होत्या. कासुर्डीहून आलेलं वहिनींचं माहेर ते बघून हसून हसून बेजार झालं होतं. त्यानंतर आई गेली, तुम्ही गेलात, बँड मोडला, दादानं सॅक्स पेटीत ठेवला आणि रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाला.

वहिनी फोनवर म्हणाल्या, "वन्सं, ह्यांचं आता रोज थोडं थोडं जातंय. सकाळी मला इचारतात, तुम्ही कुठल्या गावच्या? मी म्हणते, तुमच्याच." असं म्हणून त्या हसल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जुनं काही आवडीचं असेल तर हाताशी द्या, म्हणून त्यांनी सॅक्स बाहेर काढला होता, आणि दादाची बोटं आपोआप चालली होती. नाव, वार, जेवण झालं की नाही, सगळं गेलं होतं. आईचं गाणं तेवढं बोटांत राहिलं होतं. "येकदा ते गाणं होऊ दे. पुढच्या साली ह्यांना तेबी येईल का न्हाई, कुणी सांगावं."

मी हो म्हटलं खरं. साठीनंतर माझा आवाज खाली आलाय, पप्पा. चर्चमध्ये मी आता खालच्या सुरांच्या बायकांत उभी राहते आणि वरचं सगळं तरुण मुलींवर सोडून देते. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाआधी, खुर्चीत बसून मी ती वरची ओळ म्हणून पाहिली. काळी चारमध्ये ती निघत नाही. फाटते. खाली उतरत उतरत मी काळी दोनपर्यंत आले तेव्हा कुठे ती गळ्यात बसली. मला बरं वाटलं. गाणारी मी, म्हणून पट्टी माझी, तुमच्या नियमानं यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

साथीला मी आमच्या इथले एक कीबोर्डवाले ठरवले. ते रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करतात आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतात, त्यांची मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकली. मी त्यांना पट्टीबद्दल सांगायला लागले तर ते म्हणाले, "मॅडम, पट्टीचं टेन्शनच घेऊ नका. बटन हाय. तुम्ही काळी चार म्हणा, काळी दोन म्हणा, माझी बोटं हायेत तिथंच ऱ्हात्यात. मशीन खालीवर करतंय." तुम्ही असता तर ते बटण दाबून दाबून बघितलं असतंत. एकेका गाण्याची पट्टी बदलायची म्हणजे तुम्ही रविवारभर बसून सगळ्यांचे कागद नव्यानं लिहायचात.

त्यांच्या व्हॅनमधून आम्ही न्हावऱ्यावरून दौंडला गेलो, कीबोर्ड मागच्या सीटवर आडवा. दादा आतल्या खोलीत खुर्चीवर बसला होता, मांडीवर सॅक्स. माझ्याकडे बघून म्हणाला, "या, बसा." माझ्या सख्ख्या भावानं मला या, बसा म्हटलं. मी बसले. कीबोर्डवाल्यांनी काळी दोन लावली आणि दादानं सुरुवातीचे सूर काढले ते काळी चारमध्ये. दोन्ही एकमेकांवर असे आदळले की वहिनी आतून पळत आल्या. दादा थांबला, बोटांकडे बघितलं. मी सांगितलं, दादा, आपण खाली घेतली आहे पट्टी, अशी. मी सूर गाऊन दाखवला. त्यानं मान हलवली, पुन्हा सुरू केलं, बोटं पुन्हा जुन्याच जागी गेली. आम्ही परत परत करून पाहिलं. शेवटी त्यानं सॅक्स हळूच पलंगावर ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला, शाळेत प्रिन्सिपलच्या खोलीबाहेर बसवलेल्या पोरासारखा. "हे मला येत नाही," तो म्हणाला. "हे मला कुणी शिकवलं नाही."

स्वयंपाकघरात वहिनींनी मला चहा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून बघते, ह्या घरात वन्सं म्हणतील ते व्हतं. आता येकदा ह्यांचं होऊ दे." मला राग आला. गाणारीला न विचारता पट्टी ठरत नाही, हे त्यांना कोण सांगणार? आणि सांगून काय, त्यांचं चुकत होतं असं मला ठामपणे म्हणताही येईना.

पुढच्या वेळी काळी चार लावली. दादानं सुरुवात केली आणि ती अशी आली की वहिनींनी गॅस बारीक केला आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. पहिले दोन भाग मी ओढूनताणून म्हटले. मी श्वास घ्यायची तेवढ्यात दादा मागून दोन-चार सूर टाकायचा, हुबेहूब तुमचे. त्याच जागी, तेवढेच. मग मधला भाग आला, मी वर गेले आणि तिसऱ्याच शब्दाला माझा आवाज फाटला. मी थांबले. बघते तर दादाही गप्प. कीबोर्ड एकटाच चालत राहिला, आणि शेवटचा भाग आला तसा दादा आपला आपण पुन्हा वाजवायला लागला. पुन्हा घेतलं. या वेळी मी मधला भाग म्हटलाच नाही, गळा राखून ठेवते म्हणाले. दादा तिथे पुन्हा गप्प. सॅक्स तोंडात, डोळे उघडे, माझ्याकडे बघतोय. दर वेळी तसंच. वहिनी दारातून म्हणाल्या, "तिथंच इसरतात. नेमकं तिथंच." आणि पदरानं तोंड पुसलं.

आता अडचण समजून घ्या. काळी दोन घेतली तर मी गाणं नीट म्हणू शकत होते, पण दादा मांडीवर सॅक्स घेऊन बसून राहणार, स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसाला पाहुण्यासारखा. काळी चार घेतली तर तो वाजवणार, पण मधल्या भागात ना माझा गळा, ना त्याची आठवण. सगळ्या दौंडसमोर तेवढी जागा मोकळी पडणार, आणि ज्यांना अजून माहीत नाही त्यांनाही कळणार की दादाचं काय झालं आहे. निघताना वहिनी फाटकापाशी हळूच म्हणाल्या, "तुम्ही न्हाई गायलात तरी चालंल, वन्सं. नुसता कीबोर्ड आन् हे." ते त्यांनी मला दुखवायला म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते फार लागलं. परतीच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी अडकली होती, कीबोर्डवाले कंपनीतल्या कुठल्या तरी साहेबाची गंमत सांगत होते, आणि मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होते. मनातसुद्धा ती फाटत होती.

त्या आठवड्यात मी वहिनींचे फोन घेतले नाहीत. घोडनदीच्या बाजूला फिरायला जायचे आणि स्वतःशीच वाद घालायचे. कधी वाटायचं तुम्ही काळी दोनच म्हणाला असतात. मग वाटायचं, नाही, पोराच्या हातातून गाणं काढून घेतलं म्हणून तुम्ही पुन्हा एकदा पुलावर सायकल थांबवली असतीत. शनिवारी कीबोर्डवाल्यांचा फोन आला, काय ते आज सांगा, मला सेटिंग करून ठेवावं लागतं. मी म्हटलं, काळी चार. पहिले दोन भाग मी म्हणते, शेवटचा म्हणते, आणि मधली ओळ दादाला देऊन टाकते. ती त्यानं वाजवायची. दादाला फोनवर समजावून सांगितलं, दादा, तिथे मी गप्प, तिथे तू. तो बरं म्हणाला. आता तो सगळ्यालाच बरं म्हणतो.

कीबोर्डवाले त्याच फोनवर म्हणाले होते, "आन् तिथं दादा थांबले तर? असं करू. मी थोडं धकवून न्हेतो, आन् न्हाईच आले तर बटन दाबून तुमच्या पट्टीत उतरतो. तुम्ही गायला लागा. पब्लिकला कळणार बी न्हाई." पब्लिकला कळलं नसतं, पण दादाला कळलं असतं. आपल्या पायाखालची पट्टी निघून गेली आहे आणि हातातला सॅक्स कुठेच बसत नाही, हे त्याला त्या स्टेजवर कळलं असतं. हे सगळं माहीत असून मी त्यांना नको म्हटलं नाही.

रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये जेवणं आहेत. जुन्या लाइनीतल्या दोन-तीन विधवा बायका पुढच्या खुर्च्यांवर, कासुर्डीची मंडळी भिंतीकडेला, पोरंटोरं आइस्क्रीमच्या टेबलाभोवती. दादाला वहिनींनी सूट घातला आहे, टाय बांधला आहे. तो सगळ्यांकडे छान हसून बघतो आणि वहिनींना विचारतो, लग्न कुणाचं आहे? त्या म्हणतात, "आपलंच. सरळ उभं ऱ्हावा." आजूबाजूचे हसतात, त्यांना ती थट्टा वाटते.

दादा सुरुवात करतो. पहिला भाग जातो, दुसरा जातो, मी श्वास घेते तिथे त्याचे सूर येतात. मग मी ठरल्याप्रमाणे तोंड मिटते आणि अर्धं पाऊल बाजूला होते. कीबोर्ड पुढे जातो. दादा वाजवत नाही. आणखी पुढे जातो. नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंचा चमचा वाटीत थांबलेला मला दिसतो. वहिनी भिंतीशी उभ्या आहेत, त्यांनी खाली बघितलं आहे. मी दादाकडे बघत नाही, कीबोर्डवाल्यांच्या उजव्या हाताकडे बघते. तो हात उचलला जातो आणि बटणाकडे सरकायला लागतो.

तेव्हा मी दादाकडे बघितलं. तो घाबरलेला नव्हता, पप्पा. भुवया उंच करून माझ्याकडे बघत होता, सॅक्स ओठांत, छाती श्वासानं भरलेली आणि तो श्वास धरून ठेवलेला. विसरलेलं माणूस श्वास धरून थांबत नाही. आणि मला आपल्या पुढच्या खोलीतला तो दिवस दिसला. दादा विशीचा, नुकता सॅक्स हातात आलेला, आई मधल्या भागात वर चढलेली आणि हाही तिच्यामागून हौसेनं वर चढलेला. तुम्ही खुर्चीतून उठलात, धाप लागलेली, आणि त्याच्या हातातून सॅक्स काढून घेतलात. "ती गातेय तिथं तू कशाला? तिथं गप्प बसायचं. ती श्वास घेईल तवा यायचं." आणि ती एवढी मोठी ओळ संपेपर्यंत त्याला नुसतं उभं राहायला लावलंत, एकदा नाही, संध्याकाळभर. आई गात होती तोवर त्याचं ते गप्प राहणं कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण तिथे आई होती.

तो विसरत नव्हता. इतक्या तालमींत तो तुम्ही शिकवलं तसा गप्प राहून गाणारीची वाट बघत होता, आणि गाणारी गळा राखत होती. ती ओळ मी त्याला देऊन टाकली होती, पण ती घ्यायची नाही हेच तर त्याला येत होतं.

मी कीबोर्डवाल्यांचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं, त्यांचा एक सूरही चुकला. आणि गायला लागले. वरची जागा मला मिळणार नव्हतीच, म्हणून गळा जिथे सापडला तिथून, त्याच पट्टीत, पण खालच्या सप्तकात. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या म्युझिकच्या सिस्टरनी हे ऐकलं असतं तर पियानोचं झाकण लावून टाकलं असतं. मुलींनी पुरुषांसारखं खाली गायचं नाही आणि लिहिलेला सूर सोडायचा नाही. ते गाणंसुद्धा नव्हतं म्हणा. आईनं जे शब्द छतापर्यंत नेले होते ते मी समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसे म्हटले. अर्धी ओळ झाली आणि माझा दम संपला. आई त्या ओळीत कधीच थांबत नसे. मी थांबले, श्वास घेतला, आता सगळं बिघडलं असं वाटलं.

आणि तेवढ्या जागेत दादाचे सूर आले. पप्पा, ते तुमचे नव्हते. तिथे तुम्ही कधी काही वाजवलंच नव्हतं, कारण तिथे जागाच नव्हती. तीन-चार सूर, जरासे उशिरा, माझ्या आवाजाच्या वरून आले आणि मला उरलेली ओळ संपवायला वाट करून दिली. सकाळी त्याला बायकोचं नाव आठवलं नव्हतं. ते सूर त्याला कुणी शिकवले नव्हते. मी उरलेली ओळ म्हटली, शेवटचा भाग म्हटला, त्यात कुठे कुठे सूर कच्चे लागले, आणि कासुर्डीची मंडळी टाळ्या वाजवत उठून उभी राहिली, जेवणाचे हात तसेच.

खाली बसवल्यावर दादानं मला जवळ बोलावलं. चेहरा कडक होता, तुमच्यासारखा. "मधल्या भागाला उशिरा आलीस," तो म्हणाला. मी म्हटलं, हो दादा, चुकलं. वहिनी त्याचा टाय सोडवत होत्या, त्या म्हणाल्या, "बघा. बायको ध्यानात ऱ्हात न्हाई, बहिणीची चूक बरोबर ध्यानात." आणि तिथेच खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून रडायला लागल्या. दादानं त्यांना विचारलं, काय झालं बाई? त्यांनी त्याचा हात धरून ठेवला. तो त्यानं सोडवून घेतला नाही.

मी दर आठवड्याला जायचं ठरवलं आहे. आज सकाळी फोनवर वहिनी म्हणाल्या की काल त्यानं सॅक्सला हात लावला नाही, नुसता बघत बसला. म्हणजे आता त्याचं वाजवणं कधी थांबेल सांगता येत नाही. तोवर मी जाऊन ती ओळ म्हणत राहीन, जिथून निघेल तिथून, आणि त्याला यायला जागा ठेवीन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या ट्रम्पेटच्या पेटीत, खालच्या कापडाआड ठेवते आहे. ती पेटी माझ्यामागे उघडेल ती माझी मुलगीच असेल, म्हणून तिच्यासाठी इथेच लिहून ठेवते. बाळा, ट्रम्पेट मामींना दे. त्यांना वाजवता येत नाही, पण घरातल्या पितळी वस्तू त्या चांगल्या ठेवतात. आजीची निळी शिफॉनची साडी मामाच्या नातीला दे, ती कापून फ्रॉक शिवणार असेल तरी बोलू नकोस. मामाच्या सॅक्सचं मामी ठरवतील, तो त्याच्या हातातून मात्र कुणी काढून घ्यायचा नाही. आणि आजोबांच्या हातचे सगळे कागद, आजीच्या गाण्याचा धरून, कीबोर्डवाल्या काकांना द्यायचे. मी त्यांचं मनगट का धरलं होतं हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाकी जो जो विचारतो त्याला मी सांगते की मधला भाग खाली गायचा हे आमचं आधीच ठरलं होतं.